सिरियस

‘गंभीर’ म्हणजे मुळात खोल. त्या अर्थानं आमच्या पाथर्डीकडे विहिरीच काय त्या गंभीर. माणसं मात्र सिरियस होतात. इंग्रजीत म्हणे चेहरा, चर्चा, झालंच तर प्रेमसुद्धा सिरियस असतं. आमच्याकडे हे विशेषण इतकं स्वस्त नाही. ते ठेवणीतल्या धोतरासारखं जपून वापरतात. “तात्या सिरियस आहेत” एवढं कानावर आलं, की बायका चुलीवरचं कालवण उतरवतात, पुरुष टोपी शोधू लागतात. ‘कशानं?’ असं कुणी विचारत नाही.

आमच्या घरात हा शब्द तारेनं आणला. तारेत शब्दागणिक पैसे. ‘मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली’ एवढ्या चार शब्दांत सगळं मावायचं. धाकटा काका रणगाड्यांच्या फौजेत. नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरात शिकून तो बबिन्याला गेला. तिथून सुट्टी मिळवायची तर घरात कुणीतरी सिरियस हवं, आणि तो मान आजीचा. होळीच्या सुमाराला मढीच्या कानिफनाथांची यात्रा जवळ आली, की तीच विचारायची, “आरं, मला सिरियस केलं का न्हाई अजून?” तार गेली, की ती सूप घेऊन बाजरी निवडायला बसे आणि एकेक खडा बाजूला टाकताना गालातल्या गालात हसे. काका दारात उभा राहिला, की मीठ-मोहऱ्या ओवाळून म्हणे, “बरी झाले बाबा.”

एका श्रावणात, यात्रा नाही की लग्न नाही, पुन्हा तेच चार शब्द गेले. काका पेढे घेऊन आला. वेशीपासूनच हाका मारत, “म्हातारे, आता गं कशापायी?” ओसरीवर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

‘गेली’ असं सरळ का नाही कळवलं, म्हणून त्या तारेवर माझा पुष्कळ वर्षं राग होता. 2013च्या जुलैत तारखातं बंद झालं; जिल्ह्याच्या पाटीवर आता अहिल्यानगर आलं. पण रात्री-अपरात्री फोन वाजतो, तेव्हा पलीकडचा आवाज अजून “सिरियस आहेत, निघ” एवढंच म्हणतो. सांगणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाराही ओळखून असतो. तरी दोघं मिळून तो शब्द सांभाळतात. रागाचं म्हणाल, तर तो केव्हाच विरला. त्या तारेच्या पुण्याईनं, बबिन्याहून पाथर्डीपर्यंतच्या सबंध वाटेवर, काकापुरती आजी ओसरीवर बसून बाजरी निवडत होती.