आई तुमची, जागरण तिचं?

‘आईचं सगळं आम्ही घरीच करतो,’ असं अभिमानाने सांगणाऱ्या नवऱ्याला एकच विचारा: आईला डायपर कोणत्या मापाचं लागतं? उत्तर बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून येतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडाला, टाचांना जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. खालची चादर दोन्ही बाजूंनी धरून माणूस वळवायचा, म्हणजे दोघं हवेत. पण नवऱ्याला सकाळी ऑफिस, म्हणून त्याला उठवायचं नाही. ऑफिस बायकोलाही असतं.

आईवडील आणि ज्येष्ठांच्या देखभालीचा २००७ चा कायदा मुलगा, मुलगी, नातू, नात यांना जबाबदार धरतो. त्यात सून नाही. सून-जावयांना त्यात आणणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. घरात मात्र पहिली हाक तिलाच.

तीसुद्धा कुणाची तरी मुलगी आहे. लग्न झालं म्हणून मुलीची आईबापांविषयीची जबाबदारी संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं, तेही कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात. तरी आज वडिलांच्या मोतीबिंदूसाठी माहेरी जायचं तर तिने आधी सासूच्या गोळ्या डबीत वार लावून भरायच्या, भाज्या चिरून ठेवायच्या आणि वर ‘किती दिवस?’ याचं उत्तर द्यायचं. हा सरळ अन्याय आहे.

आजारपणाने संसार मोडला, असं लोक म्हणतात. मला पटत नाही. म्हाताऱ्या सासूचं करताना बायको थकते, पण तुटते ती नवऱ्याच्या ‘तू बघ ना जरा’ने.

परवडत असेल तर मावशी जरूर ठेवा. पण मावशीच्या सुट्टीला कोण, ते आधी ठरवा. भावंडांत खर्चाबरोबर रात्रीही वाटा. परगावच्या भावाने नुसते पैसे धाडू नयेत, रजा काढून येऊन राहावं.

आईला मुलाकडून अंग पुसून घ्यायचा संकोच वाटतो, हे खरं आहे आणि तो जपायलाच हवा. तेवढं बायकोकडे किंवा मावशीकडे असू द्या. पण गोळ्यांच्या वेळा, दवाखान्यातली रांग, मेडिक्लेमचे कागद, रात्रीचं उठणं? आणि ओल्या चादरी धुवायला कसला संकोच?