सिग्नलला रुसणारा एसी

वैशाखात गाडीचा एसी बिघडतो तेव्हा त्याची एक तऱ्हा असते. गाडी पळत असली की गारेगार, थांबली की गरम. एक्स्प्रेसवेवर मागच्या सीटवरची मंडळी शाल मागतात आणि तीच गाडी स्वारगेटच्या सिग्नलला उभी राहिली की पदराने वारा घेऊ लागतात. म्हणजे थंड हवेची खरी गरज असते नेमका तेव्हाच तो रुसतो.

या लक्षणावर आपल्याकडे निदान एकच. ‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’ सोसायटीचा वॉचमन हेच सांगतो, ऑफिसातले सहकारी हेच सांगतात, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले अनोळखी गृहस्थसुद्धा जिलबी वाढून घेता घेता हेच सांगतात. गॅस म्हणजे पेट्रोलसारखा जळून जाणारा काही पदार्थ आहे, अशी एकूण समजूत. वास्तविक तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत असतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय आणि गळतच नसेल तर जाईल कुठे?

कॉम्प्रेसर हा गॅस दाबतो, दाबल्यावर तो तापतो, आणि ती उष्णता बाहेर टाकायला गाडीच्या नाकाशी, रेडिएटरच्याही पुढे, कंडेन्सरची जाळी बसवलेली असते. साठ-सत्तरच्या वेगाने गाडी चालली की समोरचा वारा त्या जाळीतून फुकटात वाहतो. फॅनला तेव्हा फारसं कामच नसतं. गाडी थांबली की मात्र सगळी मदार त्या इलेक्ट्रिक फॅनवर. तो फिरला नाही तर उष्णता तिथंच कोंडते, दाब चढत जातो, आणि साधारण ३० बारच्या आसपास प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद करून टाकतो. अशा वेळी वरून आणखी गॅस भरला तर दाब अजून लवकर चढणार. पंगतीतल्या गृहस्थांना हे सांगण्यात अर्थ नसतो. ते तोवर मठ्ठ्याकडे वळलेले असतात.

गाडीत एसी आला तेव्हा मात्र ही आपोआप चालू-बंद होण्याची भानगड नव्हती. पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये तो देऊ केला. त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे इंजिन चालू म्हणजे कॉम्प्रेसरही चालू. हिवाळ्यात तो नको असेल तर गाडी थांबवायची, बोनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. आता डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं की क्लच, फॅन, रिले, प्रेशर स्विच सगळे मिळून काय ते बघून घेतात. पण मग कोणी काय बघितलं नाही, हे शोधायला वायरमन लागतो.

आमच्या ओळखीचे वायरमनकाका बोनेटमध्ये डोकं घालण्याआधी कान लावतात. माझ्या गाडीचा एसी रुसला तेव्हाही तसंच. ‘साहेब, एसी लावा.’ मी लावला. टिक् आवाज आला. ‘रिले ओढतोय,’ काका म्हणाले. रिलेचं काम सरकारी कचेरीतल्या सहीसारखं. सही करायला ताकद लागते चिमूटभर, पण तिच्या जोरावर रस्त्यावर डंपर हलतात. ८५ आणि ८६ नंबरच्या पिनांमधून पाव अँपिअरहूनही कमी करंट गेला की आतला संपर्क जुळतो, आणि ३० वरून ८७ कडे फॅनला लागणारा दहा-पंधरा अँपिअरचा लोंढा सुटतो. सुटायला हवा. पण टिक् ऐकू आली म्हणून तो सुटलाच असं नव्हे. सही झाल्यावरही काम अडतं, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आमचा फॅन नुसता थरथरत होता. मी कौतुकाने आणलेला मल्टिमीटर पुढे केला. फॅनच्या पॉझिटिव्ह वायरवर बारा व्होल्ट, आणि अर्थच्या वायरलाही मीटरने बीप देऊन पास केलं. काकांनी तो बीप ऐकलाच नाही असं दाखवलं आणि खिशातून होल्डरसकट ब्रेकलाइटचा बल्ब काढला. मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शाबूत असली तरी तो खूश असतो. बल्बला दीड-पावणेदोन अँपिअर लागतो, म्हणून तो खरं बोलतो. काकांनी एक टोक बॅटरीच्या प्लसला लावलं, दुसरं फॅनच्या काळ्या वायरला. बल्ब जेमतेम लाल झाला. ‘गॅस कुठे गेलाय? अर्थ गेलाय तुमचा.’

अर्थाचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली होता. पावसाळ्यांनी आणि ॲसिडच्या वाफांनी त्यावर हिरवट-पांढरी साय धरलेली. काका पॉलिश पेपरने पत्रा घासत बसले आणि घासता घासता गोष्टी निघाल्या. एका गिऱ्हाइकाचा एसी म्हणे आपोआप चालू व्हायचा. बटण बंद, तरी क्लच टक् करून बसायचा. घरचे म्हणाले, गाडीवरून लिंबू उतरवा. कोणीतरी फॅनचा सिग्नल आणि क्लचची वायर मध्ये डायोड न टाकता जोडली होती. रेडिएटर तापला की थर्मोस्विच फॅन लावायचा आणि तोच करंट उलटा फिरून क्लचलाही उठवायचा. डायोड टाकला, लिंबू वाचलं. दुसऱ्या एका गाडीत फॅनच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. फॅन जोरात फिरायचा, पण उलटा. इंजिनकडची गरम हवा कंडेन्सरवर फेकायचा. बाहेरून बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसणार नाही. म्हणून काका जाळीपुढे वर्तमानपत्राचा तुकडा धरतात. चिकटला तर ठीक.

नवा बोल्ट बसला, वर ग्रीस लागलं. फॅन घुर्रकन फिरला आणि कागद जाळीला चिकटला. ‘हात घालू नका हां, किल्ली काढलेली असली तरी इंजिन तापलं की काही गाड्यांत हा अचानक सुरू होतो,’ असं बजावून काकांनी बोनेट लावलं.

पैसे विचारले तेव्हा मात्र ते अडखळले. गॅस भरला असता तर आकडा ठरलेला. इथे एक बोल्ट सोडला तर पार्ट कुठलाच बदलला नव्हता. तासभर घासलं त्याचं काय सांगायचं? शेवटी संकोचत एक रक्कम सांगितली, आणि गंजलेला जुना बोल्ट कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. ‘ठेवा साहेब. घरी वहिनींनी विचारलं एवढे पैसे कशाचे, तर दाखवायला काहीतरी पाहिजे.’