दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकरची यथासांग स्थापना

स्पीकर घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने प्रथम टेप घेऊन हॉल मोजावा. त्यातून कपाट, दिवाण, शिलाई मशीन आणि आजींची आरामखुर्ची वजा करावी. बाकी पाहून जो खचला नाही, त्यानेच पुढे वाचावे.

दुकानात वॅटला भुलू नये. खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ छापलेले दिसले की घरचा ५०० वॅटचा मिक्सर आठवावा. त्याच्या दहापट ताकद त्या प्लॅस्टिकच्या डब्यात कशी मावली, हे विक्रेत्याला नम्रपणे विचारावे. पीएमपीओला सर्वमान्य मोजमापच नाही, त्यामुळे शून्ये फुकट पडतात. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग पेलायच्या ताकदीचा. तोही दुप्पट केला तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे पन्नासाचे शंभर वॅट केल्याचे कानाच्या आधी खिशाला कळते.

यानंतर कमरेइतक्या उंच टॉवर स्पीकरचा मोह होतो. तो आवरावा. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एलएस३/५ए हा स्पीकर तयार केला, तोच मुळी बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीसारख्या अडचणीच्या जागेसाठी. फूटभर उंची, ५ इंची वूफर. डग्ग्याचा तळाचा घुमारा त्यातून पुरता येत नाही, पण गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. दहा बाय बाराचा हॉल त्या गाडीपेक्षा मोठाच असतो, निदान पाहुणे येईपर्यंत.

आता मांडणी.

घरात स्पीकरसाठी एकमताने मंजूर होणारी जागा म्हणजे कोपरा. शास्त्राला नेमकी तीच नामंजूर. कोपऱ्यातल्या दोन्ही भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर फुगवतात, मग तंबोराही पिंपात बसल्यासारखा वाजतो. स्पीकर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे आणावा. त्याच्या पाठीला भोक असेल तर हे अधिकच पाळावे. केर काढताना अडतो म्हणून कोणी तो मागे सरकवलाच, तर भोकात स्वच्छ मोजा कोंबावा. हा विनोद नव्हे. काही कंपन्या या कामासाठी फोमचे बूच सोबत देतात.

दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा भोंगा, कानाच्या उंचीवर यावा. एक फ्रिजवर आणि दुसरा टीपॉयखाली, याला स्टिरिओ म्हणत नाहीत.

खोलीचे स्वतःचेही गाणे असते. १२ फुटांच्या लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर अडकतो, १० फुटांच्या रुंदीत ५६चा. छतही १० फुटांवर असेल तर दोन्ही ५६ संगनमत करतात. लांबीच्या बरोबर मध्यावर बसले की ४७चा सूर गायब होतो आणि मागच्या भिंतीला डोके टेकले की अंगावर येतो. दिवाण हात-दीड हात पुढे ओढावा.

बाजूच्या भिंतीवरून कोणाला तरी आरसा सरकवायला लावावा. बसल्या जागेवरून आरशात जिथे ट्वीटर दिसेल, तिथून आवाज उसळून येतो. तिथे पुस्तकांचे कपाट ठेवावे किंवा जाड गोधडी टांगावी. पाहुण्यांना ती लोककला म्हणून दाखवता येते.

एवढ्यानेही समाधान न होता कोणी सबवूफर आणलाच, तर तो बसायच्या जागी ठेवून वाजवावा आणि गृहस्थाने स्वतः जमिनीवर रांगत फिरावे. जिथे खर्ज सर्वांत सुबक ऐकू येईल, ती त्याची जागा. रांगण्यापूर्वी दाराला कडी लावावी. ही जागा देव्हाऱ्याखाली निघाल्यास माल परत करण्याची मुदत पावतीवर पाहावी.