कान घालवायचा आहे? बडनेरेकरांसाठी प्राथमिक धडे

पहिली अडचण अशी, की कान फार टिकाऊ असतो. कानाच्या नळीतली कातडी आतून बाहेर सरकत राहते आणि मळही सोबत घेऊन येते. तुम्ही काहीच केलं नाही, तर कान चांगलाच राहण्याचा धोका आहे. तेव्हा काहीतरी करावं लागेल. बडनेऱ्यात सोय उत्तम आहे. जुन्या वस्तीत घरोघरी जाणकार, नव्या वस्तीत मेडिकलवाला, आणि कानाचा तज्ज्ञ दहाएक किलोमीटरवर अमरावतीत, म्हणजे ‘जाऊ पुढच्या आठवड्यात’ म्हणण्याइतका दूर.

१. हत्यार निवडा. स्कूटरची किल्ली, पेनाचं टोपण, सेफ्टी पिन, काडेपेटीतली काडी (गुलाची बाजू बाहेर ठेवा, आपण अडाणी नाही). नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब आणि पडदा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा जाड, त्यामुळे मेहनत फारशी नाही. हात थरथरत असेल तर इअर बड घ्या. बड मळ काढत नाही, तो बंदुकीत दारू ठासावी तसा आत ठासतो. पण कापसाच्या टोकाला थोडं पिवळं लागतं आणि कष्टाचं चीज झाल्यासारखं वाटतं.

२. तेल सोडा. हा प्रयोग घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईच्या हातून व्हावा. लसणाच्या दोन पाकळ्या तेलात लाल होईपर्यंत तळायच्या, पोराचं डोकं मांडीवर घट्ट दाबायचं, आणि गॅसवर बूड काळं झालेला तो चमचा कानाशी न्यायचा. ‘हलू नको बाप्पा, कोमट हाये.’ किती कोमट, ते पोराच्या किंकाळीवरून शेजाऱ्यांनाही कळतं. वरून कापसाचा बोळा. पावसाळ्याचे दिवस असतील तर सोन्याहून पिवळं: ओल, तेल आणि बोळा मिळाले की आठवड्याभरात बुरशी धरते. डॉक्टर कानात दुर्बिणीने बघतो, तर आत पांढरा कापूस पिंजलेला आणि त्यावर काळे ठिपके. मग तो ते सक्शनने काढणार, थेंब देणार आणि कान कोरडा ठेवा म्हणणार. तोवर आजीने शेजारच्या पोराचा कान हाती घेतलेला असतो.

३. कान वाहू द्या. ‘लहानपणी सर्वांचाच वाहतो’ हे वाक्य पाठ करा. सर्दी झाली, पडद्याला भोक पडलं, पू आला. बोळा घाला आणि विहिरीत पोहायला पाठवा. ठणका नाही म्हणजे आजार नाही. पू थोडाच पण घाण वासाचा येऊ लागला की तुम्ही वरच्या वर्गात गेलात. पडद्यामागे कातडीचा गोळा वाढत असतो आणि तो कानाची हाडं खात जातो; पुढे तोंड वाकडं होऊ शकतं, मेंदूपर्यंत जंतू पोचू शकतात. साधं भोक कानामागचाच एक पातळ पापुद्रा लावून शिवता येतं, हे ऐकून खट्टू होऊ नका. वीसेक वर्षं थांबलात तर कानामागचं हाड कोरण्याचं मोठं ऑपरेशन पदरात पडण्याची आशा आहे.

४. चक्कर वाया घालवू नका. हा धडा नीट वाचा, कारण यात गाव तुमच्या पाठीशी उभं राहतं. पहाटे कुशीवर वळलात आणि बंद पंखा गरगर फिरायला लागला. मिनिटभरात थांबला. पुन्हा वळलात, पुन्हा फिरला. आता कुशीवर वळल्यानेच का येते, असला विचार करायचा नाही. ‘बीपी लो झालं’ म्हणायचं आणि सलाईन लावून घ्यायची. आपल्या वऱ्हाडात सलाईन लागल्याशिवाय आजाराला आजारपण येत नाही, आणि भेटायला येणाऱ्यांनाही बाटलीकडे बघत बसता येतं. नंतर मानेचा फोटो काढा. चाळिशीपुढच्या मानेत काही ना काही झीज निघतेच, की झाला पट्टा सुरू.

कानाच्या डॉक्टरकडे मात्र चुकूनही जाऊ नका. तो तुम्हाला टेबलावर बसवणार, मान एका बाजूला अर्धी वळवणार आणि झटकन मागे झोपवून तुमच्या डोळ्यांकडे बघत बसणार. बुबुळं थरथरली की त्याला कळतं: अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, त्यातले काही जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत घुसले आहेत. मग तो तुमचं डोकं टप्प्याटप्प्याने दुसरीकडे फिरवतो, तुम्हाला कुशीवर घेतो, उठवून बसवतो, आणि खडे पुन्हा ठिकाणावर. ही युक्ती अमेरिकेतल्या जॉन एप्ली नावाच्या डॉक्टरने १९८० साली मांडली तेव्हा त्याच्याच धंद्यातले लोक हसले होते. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? सुई नाही, बाटली नाही, पाच-दहा मिनिटांत खेळ खलास. एवढ्याशा कामाचे पैसे कायचे, असं वाटतं. आणि बडनेऱ्यात परतल्यावर चौकात सांगायला तर काहीच उरत नाही.

५. अचानक एक कान बंद पडला, मोबाईल लावला तर पलीकडचा माणूस गप्प, तर ‘वारं लागलं’ म्हणून पंधरा दिवस वाट बघा. स्टेरॉइडचा उपयोग होण्याचे दिवस साधारण तेवढेच असतात. बरोबर सोळाव्या दिवशी निघा.

६. वरातीत डीजेच्या भिंतीला खेटून नाचा. २००० सालच्या नियमाने वस्तीत रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये, पण हा नियम मोठ्याने वाचून दाखवला तरी ऐकणार कोण? कानातल्या गोगलगाईसारख्या नळीत सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मेलेली पुन्हा उगवत नाही. दुसऱ्या दिवशी कानात कुईं वाजत असेल तर समजा, लग्न चांगलं झालं.

७. इतकं करून घरच्यांनी तुम्हाला अमरावतीच्या इर्विन हॉस्पिटलच्या ओपीडीत नेलंच, तर शांत राहा. डॉक्टर एक चिमटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवेल, मग कानापुढे धरेल. हाडावर जास्त ऐकू आलं तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात, म्हणजे दुरुस्तीला वाव. त्याने नुसतं एवढ्यावरूनच ओळखलं, याचा राग येऊ देऊ नका. पुढे ऑडिओमेट्री. बंद खोलीत हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. जाणकार मंडळी आवाजाची वाट बघत नाहीत. काचेपलीकडच्या ताईंच्या हाताकडे बघून दाबतात. तरीही आलेख उजवीकडे घसरलेला निघतो, कारण वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. म्हणून बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. ‘सात’ की ‘आठ’ हे अंदाजाने ठरवायचं आणि गाडी गेल्यावर स्टेशनवर पोचायचं. वर ठणकावून सांगायचं, ‘मले सारं आयकू येते, तुमीच पुटपुटता.’

८. श्रवणयंत्र आणा, पण मापाचा साचा करून घेऊ नका. यंत्र सैल बसलं की स्वतःचाच आवाज पकडून शिट्टी मारतं. आबा देवघरात बसलेले, सूनबाई अंगणात. पहिल्या शिट्टीला ती आत येऊन कुकर बघते, दुसरीला पुन्हा येते, तिसरीला गॅस बंद करते. साचा नीट करून दिला तर शिट्टी थांबते, हे ऑडिऑलॉजिस्ट सांगेल, पण त्यासाठी पुन्हा अमरावतीला कोण जातो? यंत्र डबीत घाला, भात परत लावा.