गणपतीला येणारा पाहुणा

माझ्या टेबलावर सध्या दोन सीआरओ आहेत. पहिला उचलायला दोन हात लागतात आणि कंबर शाबूत असावी लागते. दुसरा परवा भाचीने पर्समधून काढला. सुपारीच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. त्याला ना पडदा, ना फिरवायला काही. एका अंगाला दोन प्रोब लावायचे, दुसऱ्या अंगाला यूएसबीची वायर. "मामा, बाकी सगळं लॅपटॉपमध्ये असतं," ती म्हणाली. तिचं हे 'बाकी सगळं' म्हणजे आमचा अख्खा सीआरओ.

ऑसिलोस्कोप हा शब्द आमच्या पॉलिटेक्निकात फक्त खरेदीच्या कागदांवर असे. तोंडात कायम सीआरओ, म्हणजे कॅथोड-रे ऑसिलोस्कोप. या डबीत कॅथोड नाही, रे नाही. राहिला फक्त 'ओ'. तरी मी तिला सीआरओच म्हणतो. १८९७ साली स्ट्रासबर्गमध्ये कार्ल ब्राउनने ती नळी बनवली, इलेक्ट्रॉनचा किरण वाकवून विजेची लहर डोळ्यांना दाखवली. पुढे १९०९ मध्ये मार्कोनीबरोबर नोबेल मिळालं ते मात्र बिनतारी संदेशांच्या कामासाठी. नळी बिचारी तशीच राहिली. तिने मग टीव्ही होऊन घराघरात सूड उगवला.

आमच्या प्रॅक्टिकलचा पहिला अर्धा तास सीआरओवरची रेघ शोधण्यात जाई. आधीच्या बॅचमधल्या कुणीतरी पोझिशनचं बटण टोकाला फिरवून ठेवलेलं असायचं. रेघ पडद्याबाहेर कुठेतरी इमानेइतबारे चालू असे आणि इकडे चार पोरं एकमेकांवर चिडत. ती सापडली की माझा आरडाओरडा: "इंटेन्सिटी कमी करा, पडदा जळेल!" ठिपका एकाच जागी तळपत राहिला, तर तिथला फॉस्फर खरोखर जळतो. माझ्या सीआरओच्या मधोमध तसा एक डाग आहे. तो कोणत्या बॅचचा, हे मला माहीत आहे.

नंतर ती लहर पेन्सिलीने ग्राफपेपरवर उतरवायची. पडद्यावर जरा ठेंगणी-वाकडी असलेली साइन वेव्ह जर्नलात आली की एकदम शालीन होत असे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडेही संगणकाला जोडायचे स्कोप आले आणि जर्नलात प्रिंटआउट चिकटू लागले. एकदा तपासताना लक्षात आलं की साठही जर्नलांतल्या लहरीच्या तिसऱ्या शेंड्यावर खरचटल्यासारखी एकच बारीक सुई उभी आहे. कुणीतरी शेजारचा पंखा चालू केला असेल, त्या क्षणाची. एकाने लहर पकडली होती, एकोणसाठ जणांनी ती पेनड्राइव्हवरून नेली होती. पेन्सिलीच्या काळातही कॉपी होतच असे, पण निदान प्रत्येकाची चूक तरी स्वतःची असायची.

असले स्कोप काही आजचे नाहीत. इंग्लंडमधल्या पिको टेक्नॉलॉजीने १९९१ पासून हाच उद्योग आरंभला. तेव्हा यूएसबी नव्हतं, म्हणून डबी प्रिंटरच्या पोर्टात खुपसत. आपल्याकडे दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने शाळा-कॉलेजांसाठी 'एक्सपायझ' नावाची स्वस्त डबी काढली, जिच्यात स्कोपही आहे आणि प्रयोगाला लागणारं बरंच काही. हे मला मनापासून आवडतं. एका सीआरओभोवती चार पोरं उभी राहिली, की शिकतो तो बटण हातात असलेला एकच.

आवडत नाही ते एवढंच, की लॅपटॉपवर बटणाचं चित्र असतं आणि ते गोल गोल फिरवायचं असतं माउसने. एकदा प्रयत्न करून बघा. आणि दुसरी धास्ती ग्राउंडच्या क्लिपची. ती डबीतून थेट लॅपटॉपच्या ग्राउंडला जाते. आमच्या काळी काही शूर मंडळी सीआरओच्या प्लगची जाडी पिन तोडून मेन्सवर मोजमाप करत; मग सीआरओचा पत्रा जिवंत व्हायचा आणि मंडळी थोडक्यात वाचायची. आता ती क्लिप फेजला लागली, तर २३० व्होल्टांची लहर, म्हणजे शेंड्याला सव्वातीनशे, भाचीच्या लॅपटॉपची विचारपूस करायला येणार. बॅटरीवर चालवला तरी सुटका नाही, अख्खा लॅपटॉप फेजला जाऊन बसतो. तिला म्हटलं, मेन्सला हात लावायचा तर डिफरेन्शियल प्रोब आण, नाहीतर लावूच नकोस.

मग मास्तरकीची खोड उफाळून आली. फंक्शन जनरेटरवर १०,०१० हर्ट्झ लावले, दोन्ही सीआरओंना जोडले आणि दोन्हींचा टाइम-बेस चौकोनाला ५० मिलिसेकंद ठेवला. लॅपटॉपवर पाच टुमदार लाटा उमटल्या. "दहा हर्ट्झ," भाची लगेच म्हणाली. माझ्या थोरल्या सीआरओवर मात्र लहर दिसेचना. एक जाड हिरवा पट्टा जमीन सारवल्यासारखा डावीकडून उजवीकडे जात होता.

"तुमचा बिघडलाय, मामा."

बिघडला नव्हता. अर्ध्या सेकंदात पाच हजारांवर लाटा येत असतील तर दिसणार काय, सारवणच. इतकं बारीक मला दिसत नाही, असं तो सरळ सांगत होता. डबीला सांगता येत नाही. तिच्याकडे पाच हजार ठिपक्यांची जागा. अर्ध्या सेकंदात तेवढे भरायचे म्हणजे सेकंदाला दहा हजार. दोन ठिपक्यांमध्ये लहर एक पूर्ण फेरी मारून हजारावा भाग पुढे सरकते. डबीला फेरी दिसतच नाही, दिसतं ते फक्त सरकणं. ठिपके जोडून ती शांतपणे दहा हर्ट्झची लहर काढून देते. याला एलियासिंग म्हणतात.

"म्हणजे कसं," मी खुर्ची पुढे ओढली, "एखादा पाहुणा दरवर्षी फक्त गणपतीला येतो. बरोबर वर्षाने. त्याला वाटतं, या घरात रोज आरत्या होतात, रोज उकडीचे मोदक होतात. खोटं तो काहीच बोलत नाही. बघितलं ते सांगतो."

तिने टाइम-बेस २० मायक्रोसेकंदांवर आणला. डबी आता झरझर नमुने घेऊ लागली आणि पडद्यावर खऱ्या लहरीच्या दोन लाटा उभ्या राहिल्या. मी माझाही तिथे आणला. सारवण गेलं, त्याच दोन लाटा हिरव्या रंगात आल्या. खूश होऊन मी चहाचं बघायला उठलो.

"मामा," वायर गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "तुम्ही आमच्याकडे शेवटचे कधी आला होतात?"

"हे काय, गणपतीत."

"आणि त्याच्या आधी?"

मी चहाचं आधण बघत राहिलो.

"या गुरुवारी या," ती म्हणाली. "दोडक्याची भाजी आहे."