मागच्या दाराचं हजेरीपत्रक

अमेरिकेत नियम मोडायचा नसतो. त्याला वळसा घालायचा आणि वळसा घातल्याचा फॉर्म मुदतीत भरायचा.

रॉथ आयआरए हे निवृत्ती खातंच बघा. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाचं, १९९७च्या कायद्यातलं. आज कर भरून पैसे टाका, म्हातारपणी करमुक्त काढा. मात्र श्रीमंतांना मज्जाव! २०२५ साली नवराबायकोचं एकत्र उत्पन्न २,४६,००० डॉलरला भिडलं की दार बंद. मग श्रीमंत ७,००० डॉलर पारंपरिक आयआरएत टाकतात, वजावट मागत नाहीत आणि चार दिवसांत तेच पैसे रॉथमध्ये वळवतात. कारण वळवण्यावरची उत्पन्नाची अट २०१० सालीच उठली. पुढच्या दारावर पहारेकरी, मागचं दार सताड उघडं. आत शिरल्यावर फॉर्म ८६०६ भरून हजेरी लावली की झालं.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत पाडवा नेमका करविवरणपत्रं भरायच्या हंगामात येतो. श्रीखंड वाढता वाढता कुणीतरी विचारतं, "काय हो, यंदाचं बॅकडोअर उरकलं का?" पुण्याहून आलेल्या सासूबाई दचकतात. जावयाने व्हिसाची काही भानगड तर केली नाही ना?

भानगड असतेच, पण कागदांची. ब्रोकरकडून येणाऱ्या १०९९-आर फॉर्ममध्ये एकूण रक्कम ७,०००, करपात्र रक्कमही ७,०००, आणि खाली चौकटीत बारीकशी खूण: करपात्र रक्कम ठरवलेली नाही. म्हणजे सांगितलंही आणि हातही झटकले! ८६०६ राहिला तर कर भरलेल्या पैशावर पुन्हा कर, वर ५० डॉलर दंड. जुन्या नोकरीचे ६३,००० करपूर्व डॉलर पारंपरिक खात्यात पडून असतील, तर सगळंच एका हिशेबात येतं आणि वळवलेल्या ७,००० पैकी ६,३०० करपात्र ठरतात. पैसे भरल्याची नोंद असलेला ५४९८ येतो मेअखेरीस, विवरणपत्राची मुदत १५ एप्रिल. वरातीमागून घोडं!

हे दार बंद करणारं विधेयक २०२१ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये निजलं. निजणारच. उत्पन्नाची अट काढली तर श्रीमंतधार्जिणेपणाचा आरोप, दार लावलं तर श्रीमंत नाराज. त्यापेक्षा आहे ते बरं. रॉथमध्ये श्रीमंतांना मज्जाव आहे, असं भाषणात ठणकावून सांगता येतं, आणि किती श्रीमंत आत आले हे ८६०६ वरून मोजताही येतं.