सुई टोचल्यापासून

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या पारावर एक नाना बसलेले असतात. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘सुई टोचल्यापासून’ने सुरू होतं. सुई टोचल्यापासून मोसंबीला गळ लागली, विहिरीवरची मोटार जळली, धाकट्याचं लग्न जमेना. कावळा बसला नि फांदी तुटली, तर नाना कावळ्यावर गुन्हा दाखल करून मोकळे!

करोना लसीकरणाची रंगीत तालीम २ जानेवारी २०२१ ला राज्यात चार जिल्ह्यांत झाली. पुणे, नागपूर आणि नंदुरबारच्या जोडीला आपलं जालना. तेव्हा फक्त रांग, नोंद आणि अर्धा तास बसवणं; लस कुणालाच दिली नव्हती. नाना म्हणतात, “मव्हा गुडघा तव्हाच धरला.”

“पण नाना, त्या दिवशी सुईच नव्हती.”

“मंग बघ! सुई नसताना ही गत, असती तर?”

हसू नका. बोस्टनच्या संशोधकांनी करोना लशीच्या बारा चाचण्या तपासून जानेवारी २०२२ मध्ये छापलं, की पहिली खोटी, म्हणजे लस नसलेली, सुई घेतलेल्यांपैकीही ३५ टक्के लोकांनी डोकेदुखी, थकवा असं काहीतरी कळवलंच होतं. म्हणजे नाना सातासमुद्रापारही आहेत.

अमेरिकेत लशीचा त्रास कुणालाही सरकारदरबारी कळवता येतो. जिम लेडलर नावाच्या डॉक्टरांनी ही व्यवस्था जोखायला मुद्दाम कळवलं, की फ्लूच्या लशीने माझा ‘हल्क’ झाला, म्हणजे सिनेमातला तो हिरवा राक्षस. नोंद झाली! पुढे फोन आला आणि त्यांच्या परवानगीने ती काढली. हे ऐकून नाना गरजले, “त्याची काढली आसंल. मव्ही काढू देनार न्हाई.”

आपल्याकडे असा त्रास टिपायला आशाताई वही घेऊन येते.

“नाना, त्रास कधी सुरू झाला?”

“सुई टोचल्यापासून.”

“म्हणजे किती दिवसांनी?”

“आठव्या महिन्यात.”

आत नानी भाकरी थापत असतात. दुसऱ्या डोसनंतर त्यांचा दंड टरारून सुजला, रात्रभर तापाने अंग भाजत होतं. सकाळी त्या कापूस वेचायला गेल्या. आशाताईने विचारलं तर म्हणाल्या, “काही न्हाई बाई, जरा कणकण व्हती.” वहीत नानांच्या गुडघ्याला अर्धं पान मिळालं. नानींपुढे ‘निरंक’.

लशीनंतर झालेलं सगळं लशीमुळेच झालेलं नसतं, म्हणून तर नोंदी तपासाव्या लागतात. काय झालं, किती तासांनी, किती दिवस टिकलं, एवढं नीट सांगितलं तरी पुष्कळ. नानांचा गुडघा डॉक्टर तपासतील आणि निकाल देतील. नानींचा ताप मात्र वहीतच नाही, तो तपासणार कोण? तेव्हा आशाताई दारात आली की नानांना बोलू द्या, पण नानींना दोनदा विचारा.